उजव्या अंगाला

लग्नाच्या फोटोत मी ह्यांच्या डाव्या अंगाला उभी हाय.
सत्तावीस वर्षांनी बाजू बदलली.
यंत्र उजव्या कानामागं बसवलंय,
म्हणून रात्री गंगावेशीत दूध प्यायला निघालो की
मी उजवीकडनं चालतो,
ह्यांची डावी बाजू भिंतीच्या कडंला ठेवतो.
मागनं रिक्षा आली तर माझं कोपर सांगतं.
दोनदा टोचलं म्हणजे थांबा.
एकदा म्हणजे कायबी न्हाई, मीच हाय.

उद्यमनगरात फौंड्रीत बावीस वर्षं.
आधी पाखरं गेली, मग कुकरची शिट्टी, मग मी.
डॉक्टरनी डोक्यात चुंबक बसवला
आनि मालकाच्या नावानं चिठ्ठी दिली:
भंगार उचलायच्या क्रेनपाशी ह्या माणसाला उभं करू नका.
त्या क्रेनलाबी चुंबकच.
आता ह्ये गेटावर, वजनकाट्याच्या खोलीत ट्रक मोजतात.
म्हणतात, एका म्यानात दोन चुंबक मावत न्हाईत.

हसण्यासारखंबी हाय.
माझी केसातली पिन एकदा ह्यांच्या डोक्याला चिकटून
अख्ख्या महाद्वार रोडवरनं फिरून आली.
शिवराम न्हाव्याला मी स्वतः जाऊन बजावलं,
त्या बाजूला मशीन नको, कात्री लाव,
चंपी तर बिलकुल नको.
त्यानं वस्तरा खाली ठेवला.
वहिनी, करंट हाय काय?

नातू बागेत घसरगुंडीवर चढतो. पिवळी, प्लास्टिकची.
आजोबा, या की.
प्लास्टिकवर अंग घासलं की वीज साठते,
यंत्राची अक्कल जाते,
म्हणून मी शिडीपाशी हात पसरून उभी:
आधी काढा, माझ्याकडं द्या.
मुठीत ते कोमट, झुरळाएवढं.
ह्ये घसरत येतात तोंड उघडं टाकून,
पोरगं मागनं ओरडत येतं,
आनि ज्यांच्यासाठी ओरडतंय त्यांना सोडून
सगळ्या बागेला ऐकू जातं.

गुडघा धरला तवा दवाखान्यात
त्या बोगद्यासारख्या मशीनीत घालणार होते.
मी कार्ड पुढं केलं.
एक पाकिटात, एक गाडीच्या डिकीत,
एक देव्हाऱ्यात अंबाबाईच्या फोटोमागं.
मशीनवरचा पोरगा घाबरला.
आजी, बरं झालं बोललीस.
आजी म्हणायचं कारण नव्हतं.

रात्री यंत्र डबीत जातं.
आत ओल शोषणाऱ्या गोळ्या, वर घट्ट झाकण.
मग ह्ये घरात असतात आनि नसतात.
दिवा घालवला की ओठबी दिसत न्हाईत,
काय सांगायचं ते दिवा घालवायच्या आधी सांगून घ्यायचं.
गॅस बघितला, कडी बघितली,
हे आता मी एकटीनं दोघांचं बघतो.

मागच्या पौषात मी न्हाणीत घसरलो.
पावणेदोन वाजले असतील.
अहो म्हणून हाक मारली.
बादली आपटली.
मग नाव घेऊन मारली,
सत्तावीस वर्षांत जे तोंडातनं काढलं नव्हतं:
हिंदुराव.
भिंतीपलीकडं घोरणं चालूच.
पाच वाजता दूधवाला आला, त्याला ऐकू गेलं.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी सुट्टी टाकून वायर ओढली.
न्हाणीत बटण, गुडघ्याच्या उंचीवर,
पडलेल्या माणसाचा हात पोचंल असं.
ते स्वतः फरशीवर आडवं पडून बघितलं, दोनदा.
उशाशी लाल दिवा, उशीखाली कायतरी थरथरणारं.
चुकून दाबलं गेलं तर
समोरच्या चौगुल्यांची भिंतबी लाल होते,
सकाळी वहिनी विचारतात, रात्री सण होता काय.

रोज उठून ह्ये डबी उघडतात,
यंत्र कानामागं अडकवतात,
चुंबक टक् करून धरतो.
चहाच्या आधी एकच विचारतात:
रात्री हाक मारलीस?
न्हाई, म्हणतो मी.

नाव घेतलं होतं
ते अजून सांगितलेलं न्हाई.